बाळाची मोजणी करा, आकारणी नको: फुटबॉल क्लबांना आणि स्पर्धा आयोजकांना खुले पत्र

प्रति,
फुटबॉल क्लबांचे संचालक, महासंघांचे पदाधिकारी, स्पर्धांचे आयोजक आणि तिकिटांचे दर ठरवणारे सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामातल्या एका शनिवारची गोष्ट. माझी मुलगी पाच वर्षांची झाली म्हणून तिला तिचा पहिला फुटबॉल सामना दाखवायला मी घेऊन गेले होते. सोबत सात महिन्यांचं बाळ होतं. ते तेव्हा अंगावर पीत होतं, त्यामुळे त्याला घरी ठेवून चार-पाच तास बाहेर राहणं मला शक्य नव्हतं. छातीशी बांधलेल्या झोळीत ते गाढ झोपलं होतं. गोंगाटाचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्यासाठी इअरमफ आठवडाभर आधीच आणले होते आणि घरी रोज थोडा थोडा वेळ कानांवर घालून त्यांची सवय लावली होती. मुलीच्या गळ्यात क्लबचा स्कार्फ होता. तो मोठ्या माणसाचा, त्यामुळे तीन वेढे घेऊनही तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होता.

फाटकावर आमची दोन तिकिटं स्कॅन झाली, हिरवा दिवा लागला. मुलगी टर्नस्टाइलचा, म्हणजे फिरत्या फाटकाचा, दांडा दोन्ही हातांनी ढकलून आत गेलीसुद्धा. मी पाऊल टाकणार तोच तिथल्या कर्मचारी मुलीने झोळीकडे बोट केलं. "बाळाचं तिकीट?" मला वाटलं, ती वय विचारतेय. म्हटलं, सात महिने. ती म्हणाली, "वयाचा प्रश्न नाही हो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तिकीट लागतं. मला सोडता येत नाही."

टर्नस्टाइल एकाच दिशेने फिरतं. आत गेलेल्या मुलीला बाहेर आणायला बाजूचं दार उघडावं लागलं, त्यासाठी किल्लीवाल्या माणसाला बोलावणं धाडावं लागलं. तोवर ती दांड्याच्या पलीकडे आणि मी अलीकडे. ती रडली नाही, पण स्कार्फचं टोक तोंडात धरून उभी राहिली. मग तिकीट खिडकीची रांग. आमचा नंबर येईपर्यंत सामना सुरू झाला होता. भिंतीपलीकडून एकदम आवाज उसळला, पायाखालची फरशी थरथरली आणि मुलीने माझा हात ओढून विचारलं, "आई, गोल झाला?" झाला होता. तिच्या पहिल्या सामन्यातला पहिला गोल तिने तिकिटाच्या रांगेत उभं राहून ऐकला.

खिडकीवर कळलं की लहान मुलांच्या दरातली तिकिटं संपली आहेत. उरली होती ती सगळी मोठ्यांची. मी पूर्ण पैसे मोजून एक घेतलं. त्यावर ब्लॉक, रांग आणि खुर्चीचा नंबर छापलेला होता, आणि तो ब्लॉक मैदानाच्या पार पलीकडे होता. अंगावर पिणारं मूल तिथे जाऊन बसणार नाही हे खिडकीतल्या माणसालाही कळत होतं. तिकीट हातात देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सामनाभर बाळ माझ्या मांडीवर होतं आणि समोरच्या स्टँडमध्ये त्याच्या नावची खुर्ची रिकामी होती.

त्या क्लबचं नाव मी लिहीत नाही. फाटकावरच्या मुलीचा दोष नाही, खिडकीतल्या माणसाचाही नाही. नियम त्यांनी केलेला नाही, तो तुमच्या बैठकीत झाला आहे. आणि तो एकाच क्लबचा असता तर मी त्या क्लबला पत्र लिहून गप्प बसले असते. २०१८ साली रशियात झालेल्या विश्वचषकातही हाच नियम होता: वय कितीही असो, तिकीट हवंच. म्हणून हे पत्र तुम्हा सर्वांना.

आधी मला मान्य असलेली बाजू सांगते. मैदानात किती जीव आहेत हे तुम्हाला एकेक आकड्यानिशी ठाऊक असलंच पाहिजे. ९ मार्च १९४६ रोजी इंग्लंडमधल्या बोल्टनच्या बर्नडेन पार्क मैदानात मावणार नाहीत एवढी माणसं शिरली आणि ३३ जण चेंगरून मेले. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडमधल्याच हिल्सबरो मैदानातल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा बळी घेतला, आणि त्यांतला सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात कांजुरुहान मैदानावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले आणि १३५ जण गेले. त्यांत कितीतरी लहान मुलं होती. हे आकडे मी फुटबॉलवर प्रेम करणारी बाई म्हणून वाचते तेव्हा एक वाटतं आणि आई म्हणून वाचते तेव्हा घशात आवंढा येतो. ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेसाठी 'ग्रीन गाइड' नावाची मार्गदर्शिका वापरतात. आणीबाणीत स्टँड रिकामा करायला धोक्याच्या प्रमाणात अडीच ते आठ मिनिटं, असा हिशेब तीत आहे. त्या मिनिटांत जिन्यावरून उतरणाऱ्या माणसांत एक जण छातीशी बाळ धरून, एका हाताने कठडा पकडून उतरत असेल, तर ते तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. तेव्हा बाळाची नोंद करा. त्याला क्रमांक द्या, बारकोड द्या, आईच्या तिकिटाशी जोडा. मी एका शब्दाने विरोध करणार नाही.

पण मोजणी वेगळी आणि आकारणी वेगळी. सुरक्षेसाठी बाळ मोजायचं आहे, हे कारण पुढे करून त्याच्याकडून खुर्चीचे पैसे घेता येत नाहीत. आमच्या बाबतीत तर सुरक्षेचंही काही साधलं नाही. तुमच्या नोंदीत माझं बाळ समोरच्या स्टँडमध्ये होतं आणि प्रत्यक्षात माझ्या मांडीवर. त्या दिवशी खरोखर काही घडलं असतं आणि कोणी खुर्च्यांच्या यादीवरून माणसं शोधायला निघालं असतं, तर त्याला कुठे शोधलं असतं? किंमत शून्य ठेवून आईच्याच जागेवर नोंदवलेलं तिकीट हेच सुरक्षेच्या दृष्टीनेही खरं तिकीट आहे.

हे काही मी नवीन सांगत नाही. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर घेऊन बसता येतं. त्याचं नाव प्रवाशांच्या यादीत असतं, अनेक विमानांत त्याला आईच्या पट्ट्याला जोडायचा वेगळा छोटा पट्टाही देतात, आणि भाडं मोठ्यांच्या मानाने अगदी थोडं असतं किंवा काही प्रवासांत नसतंच. विमानापेक्षा फुटबॉलच्या मैदानाची सुरक्षा अवघड आहे असं तुमच्यापैकी कोणी म्हणेल असं वाटत नाही. आणि खुद्द फुटबॉलमध्येही ही सोय आहे. जर्मनीतले काही क्लब लहान मुलांसाठी 'शोसकार्टे' देतात. शब्दशः अर्थ मांडीवरचं तिकीट. स्वतंत्र खुर्चीवर हक्क नाही, पण मूल मोजलं जातं. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला फार बरं वाटलं. तिकीट विभागात बसून कोणीतरी मांडीचा विचार केला होता.

जुने दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. ब्रिटनमधल्या मैदानांवर एके काळी बाप मुलाला उचलून टर्नस्टाइलवरून आत सोडायचे आणि फाटकावरचा माणूस तिकडे कानाडोळा करायचा. आज आजोबा झालेल्या कित्येकांनी आपला पहिला सामना तसाच पाहिला. लिव्हरपूल क्लबच्या अॅनफिल्ड मैदानातल्या कॉप स्टँडमध्ये मुलांसाठी कुंपण घालून वेगळा कोपराच केलेला होता, त्याला 'बॉईज पेन' म्हणत. त्यात प्रेम होतं तशी धक्काबुक्कीही होती, आणि किती पोरं आत आहेत याचा कोणालाच पत्ता नसायचा. ते गेलं ते योग्यच झालं. हिल्सबरोनंतर जानेवारी १९९० मध्ये त्या दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल आला आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना बसायला खुर्च्या कराव्यात अशी शिफारस झाली. पण खुर्च्या आल्या म्हणून तिकीट गरिबाच्या आवाक्याबाहेर जायला नको, हेही त्याच अहवालाला अभिप्रेत होतं. त्यासाठी ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं होतं: बसून पाहायचं तर ६ पौंड, उभ्याने ४ पौंड. खुर्च्यांची शिफारस सगळ्यांनी उचलली. दराबद्दलचं बोलणं हळूहळू विसरलं गेलं. खुर्ची हेच हिशेबाचं एकक झालं आणि जो जीव खुर्चीत बसूच शकत नाही, त्याच्याकडूनही खुर्चीचं मोल मागितलं जाऊ लागलं.

हा नियम दिसायला सगळ्यांना सारखा आहे, पण त्याचा भार कोणावर पडतो ते बघा. दूध पाजणाऱ्या आईला बाळ वेगळं ठेवता येत नाही. तिला सामन्याला यायचं तर दोघांनीच यावं लागतं. म्हणजे बाळाचं तिकीट हे प्रत्यक्षात आईवर लावलेलं दुसरं तिकीट आहे. शेजारच्या खुर्चीतला पुरुष एका तिकिटात आत येतो, तिला तेवढ्याच जागेसाठी दोन लागतात. ती मग काय करते? वर्ष-दोन वर्षं येत नाही. नवरा मित्रांबरोबर जातो, ती घरी स्कोअर बघते. मी स्वतः शाळेत असल्यापासून सामने पाहते आहे, आणि मुलीच्या वेळेस दोन हंगाम माझे असेच गेले. बाया फुटबॉलला येत नाहीत म्हणून आपण परिसंवाद भरवता, मोहिमा काढता. त्यातलं एक कारण तुमच्याच दरपत्रकात आहे.

आता पाच वर्षांच्या मुलीबद्दल. तिचं प्रकरण बाळापेक्षा वेगळं आहे आणि मी ते वेगळंच ठेवणार आहे. तिला खुर्ची हवी असते, ती खुर्चीवर उभी राहते, उड्या मारते, तिच्या जागी दुसरं कोणी बसू शकलं असतं. तिचं तिकीट असायलाच हवं आणि त्याला काहीतरी किंमत असली तरी माझी तक्रार नाही. उलट स्वतःचं तिकीट हातात धरून फाटकावर स्कॅन करण्यात तिला जो अभिमान वाटला तो मी पाहिला आहे. तिचं म्हणणं होतं की ते तिकीट मी माझ्या पर्समध्ये ठेवायचं नाही. पण ती किंमत कशी ठरते ते बघायला हवं. नुसतं हाफ तिकीट म्हटलं की ऐकायला छान वाटतं. महाग खुर्चीचं निम्मं हेही महागच असतं, आणि मागणी वाढेल तसा दर वर चढत असेल तर मुलाचा दरही त्याच शिडीने वर जातो. २०२६ च्या विश्वचषकासाठी मागणीनुसार बदलणारे दर आणले गेले. मोठ्या माणसाला तो खेळ खेळायचा असेल तर खेळू दे. पाच वर्षांच्या मुलीने मोठ्या लढतीचा बाजारभाव का द्यायचा? तिला समोर कोण खेळतंय हेही नीट कळत नाही. मुलाचा दर एक आणि ठरलेला असावा, स्टँड कुठलाही असो, प्रतिस्पर्धी कोणीही असो.

आणि तो दर मिळायलाही हवा. जाहिरातीत लहान मुलांचा दर मोठ्या अक्षरांत असतो. पण तिकीट घ्यायला गेलं की कळतं, तो फक्त एका कोपऱ्यातल्या फॅमिली स्टँडमध्ये आहे, किंवा फक्त सीझन तिकिटावर आहे, किंवा पहिल्या दिवशीच संपला. मग मुलाचं तिकीट स्वस्त आणि सोबत बसणाऱ्या मोठ्याचं महाग, असंही होतं. पाच वर्षांचं मूल एकटं येत नाही. त्याच्या तिकिटाची किंमत म्हणजे त्याची आणि त्याला आणणाऱ्याची मिळून असते, घर चालवणारं कुणीही असाच हिशेब करतं.

जमत नाही असं म्हणू नका, कारण जिथे मनावर घेतलं तिथे जमलं आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मोठ्यांची तिकिटं २० डॉलरपासून होती आणि मुलांची १० डॉलरपासून. त्या स्पर्धेला जवळजवळ २० लाख प्रेक्षक आले. स्वस्त तिकिटांमुळेच आले असा दावा मी करणार नाही, खेळही तितकाच सुंदर होता. पण टीव्हीवर जिथे कॅमेरा फिरे तिथे खांद्यावर बसलेली, गालावर झेंडे रंगवलेली पोरं दिसत होती, आणि महिला फुटबॉलमधली जगातली सर्वांत मोठी स्पर्धा मुलांना वेगळा दर लावून भरवता येते हे त्यातून सिद्ध झालं.

याहून जुनी गोष्ट इस्तंबूलची. तिथल्या फेनरबाहचे क्लबच्या प्रेक्षकांनी एका मैत्रीपूर्ण लढतीत मैदानात घुसून गोंधळ घातला, त्याची शिक्षा म्हणून पुढचे सामने रिकाम्या मैदानात खेळवायचे होते. तुर्की महासंघाने त्याऐवजी ठरवलं की पुरुषांना बंदी, पण बायका आणि १२ वर्षांखालची मुलं येऊ शकतील, तीही फुकट. २० सप्टेंबर २०११ रोजी मनिसास्पोरविरुद्धच्या त्या सामन्याला ४१ हजारांहून जास्त बायका आणि मुलं आली. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. त्या ४१ हजारांत आयुष्यात पहिल्यांदा मैदानात पाऊल ठेवणाऱ्या किती असतील! त्या काही आदल्या दिवशी फुटबॉल आवडू लागल्या म्हणून आल्या नव्हत्या. दार उघडलं म्हणून आल्या.

युरोपात आता असा नियमच आहे. प्रेक्षकांविना खेळण्याची शिक्षा झालेल्या सामन्याला १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना, सोबत काही मोठी माणसं देऊन, फुकट बोलावता येतं. ४ जून २०२२ रोजी बुडापेस्टमध्ये हंगेरी आणि इंग्लंडचा सामना असाच झाला, ३० हजारांहून अधिक प्रेक्षक आणि त्यांत बहुतेक मुलं. हे वाचून मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. मोठ्यांनी गुन्हा केला की मुलांना फुकट प्रवेश, आणि मोठे नीट वागले की तान्ह्या बाळालाही तिकीट. मुलं मैदानात यावीत असं तुम्हाला वाटतं हे तर यातून दिसतंच. मग त्यासाठी कुणाला शिक्षा होण्याची वाट का पाहायची?

त्या सामन्यांचा दुसरा धडाही सांगते, कारण तो लपवणं बरोबर नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रागच्या स्पार्टा क्लबच्या मैदानात, आधीच्या सामन्यातल्या वर्णद्वेषाच्या शिक्षेमुळे, सुमारे १० हजार शाळकरी मुलं बसवली होती, आणि तिथेही पाहुण्या स्कॉटिश क्लबच्या, रेंजर्सच्या, एका कृष्णवर्णीय खेळाडूची सामनाभर हुर्यो उडवली गेली. मुलं जे ऐकतात ते उचलतात. नुसती मुलं आणून भरली की मैदान निर्मळ होतं, असं नाही. मूल आपल्या माणसाशेजारी बसायला हवं, ज्याला ते विचारेल, "आई, ते काका ओरडतायत ते चांगलं आहे का?" आमच्या सामन्यात मागच्या रांगेतल्या एका तरुणाने पंचाला उद्देशून अचकट शिवी दिली आणि पुढच्याच क्षणी माझ्या मुलीला पाहून जीभ चावली. त्यानंतर तो ओरडत राहिला, पण शिव्या थांबल्या. असा फरक एका पाच वर्षांच्या मुलीने पडतो, आणि तुम्ही त्याबद्दल तिला काही देत नाही, तिच्याकडून घेता.

पैशाचं बोलू या. २०२३-२४ च्या हंगामात जगातल्या सर्वाधिक कमाईच्या २० क्लबांची एकूण कमाई ११.२ अब्ज युरो होती असं डेलॉइट या हिशेब-सल्लागार कंपनीचा अहवाल सांगतो. त्यातली सामन्याच्या दिवसाची कमाई २.१ अब्ज, म्हणजे साधारण १८ टक्के. बाकी सगळं प्रक्षेपणाचं आणि जाहिरात-व्यापाराचं. त्या १८ टक्क्यांत मांडीवरच्या बाळांचा वाटा किती असेल हे तुमच्या हिशेबनिसांना विचारा. छोट्या क्लबांचं गणित वेगळं आहे हे मी जाणते. तिथे फाटकावरच्या गल्ल्यातून गवत कापायचा आणि दिव्यांचा खर्च निघतो. पण माझा अनुभव असा की छोटे क्लब याबाबतीत आधीच मनाने मोठे आहेत. तिथे फाटकावर बाळ पाहून कोणी तिकीट मागितलेलं मला आठवत नाही. पाळणागाडी आत घ्यायला दोन माणसं पुढे येतात.

दर बदलता येत नाहीत, लीगमध्ये एकमत होत नाही, हेही ऐकून झालं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं तेव्हा सुमारे १० हजार प्रेक्षक सामन्याच्या ७७व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. काही दिवसांतच मालकांनी दर मागे घेतला आणि माफी मागितली. त्याच वर्षी प्रीमियर लीगच्या सगळ्या क्लबांनी मिळून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांसाठी ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. एकत्र बसून एक आकडा ठरवता येतो हे त्यांनी दाखवून दिलं. बाळं ७७व्या मिनिटाला उठून जाऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने मी लिहिते आहे.

काही जण म्हणतात, एवढ्या लहान बाळाला मैदानात आणूच नये, दर लावला तर तेवढंच बरं. आवाजाची काळजी खरी आहे. इस्तंबूलमध्ये गालातासराय क्लबच्या मैदानावर २०११ साली १३१.७६ डेसिबल इतका गजर मोजला गेला होता, तर जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी आठवड्याला ४० तासांचं ऐकणं सरासरी ७५ डेसिबलच्या आत असावं असं सांगते. ही काळजी वाटत असेल तर इअरमफ द्या, अनामत ठेवून उसने द्या. ढोल आणि भोंगे असतील त्यापासून लांबचे ब्लॉक दाखवा, गोलच्या मागे जोरात येणाऱ्या चेंडूबद्दल सावध करा. तिकिटाची किंमत बाळाचे कान झाकत नाही. पैसे भरले की तेच बाळ त्याच आवाजात आत जातं.

आणि कोणी म्हणतं, त्याला कुठे काय आठवणार आहे? बाळाला नाही आठवणार, कबूल. पण पाच वर्षांच्या मुलीला काय आठवतं ते मी सांगू शकते. तिला निकाल आठवत नाही. मध्यंतरात मैदानावर पाण्याचे फवारे उडाले ते आठवतं. गोलरक्षकाने हातमोजे दाताने ओढून काढले ते आठवतं, घरी ती अजून तसेच काढते. पुढचे सगळे उभे राहिले की तिला काही दिसायचं नाही, तेव्हा शेजारच्या आजोबांनी आपली बसायची गादी दुमडून तिच्या पायाखाली दिली ते आठवतं. आणि दांड्याच्या पलीकडे एकटं उभं राहिलेलंही आठवतं. महिनाभराने एका दुकानाचं फिरतं दार पाहून तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "आधी तू जा."

म्हणून माझं मागणं अगदी मोजकं आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसायचं तिकीट द्या, विनामूल्य, सोबतच्या मोठ्याच्याच जागेवर नोंदलेलं, आणि ते तिकीट घेतानाच एका खुणेने जोडता येऊ द्या, म्हणजे कोणालाही फाटकावरून परत फिरावं लागणार नाही. तरीही कोणी नकळत आलं, तर फाटकावरच्या माणसाच्या हातात तशी तिकिटं ठेवा आणि द्यायचा अधिकारही. त्याच्या पुढच्या मुलांना सर्व स्टँडमध्ये एक ठरलेला, कमी दर द्या. मुलाच्या नावावर मोठा माणूस आत जाईल ही भीती असेल, तर अनेक मैदानांवर सवलतीचं तिकीट स्कॅन झालं की वेगळ्या रंगाचा दिवा लागतो, तेवढं पुरे. कुटुंबाची तिकिटं शेजारी शेजारी द्या. आणि गाद्या ठेवा हो, उंच गाद्या, पुढच्या माणसाच्या पाठीपलीकडचं दिसेल अशा.

बाळाचं ते तिकीट मी जपून ठेवलं आहे. घडी पडलेली नाही, कारण त्या खुर्चीपर्यंत ते कधी गेलंच नाही. नव्या हंगामाचं वेळापत्रक लागलं आहे आणि मुलीने कॅलेंडरवर एका शनिवारी लाल गोल काढून ठेवला आहे. त्या दिवशी बाळ सव्वा वर्षाचं असेल. ते अजूनही माझ्या मांडीवरच बसेल. तिकीट विक्री सुरू होण्याआधी तुमच्याकडून उत्तर आलं तर मी किती खुर्च्या घ्यायच्या ते मला ठरवता येईल.

आपली विश्वासू,
दोन लहान मुलांची आई